बेत मोडला तेव्हा

व्यापारी घरात सुटी ही सहज हाती येणारी वस्तू नाही. बाजार बंद असला तरी वसुलीचे निरोप, गाडीभाड्याचे हिशेब आणि उद्याच्या मालाची काळजी बंद होत नाही. म्हणूनच पाडव्याचे वहीपूजन आटोपल्यावर जे दोन-चार दिवस मोकळे सापडतात, त्यांचा बेत आपण रोजमेळाइतक्याच काटेकोरपणे मांडतो. आणि तो मोडला की व्यवहारात खोट आल्यासारखे मन खट्टू होते.

सांगलीच्या पेठेत हळदीची अडत करणाऱ्या एका परिचित कुटुंबाचा अनुभव या दृष्टीने सांगण्याजोगा आहे. त्यांनी दिवाळीनंतर श्रवणबेळगोळला जाण्याचे ठरविले होते. चामुंडरायांनी दहाव्या शतकात घडवून घेतलेली ५७ फुटांची ती बाहुबलींची मूर्ती आणि तिच्या पायथ्याशी कोरलेला प्राचीन मराठी शिलालेख मुलांना दाखवावा, ही इच्छा. घरातील वृद्ध आण्णा मात्र आधीच म्हणाले होते, "रात्रभराचा प्रवास आता मला झेपायचा नाही. तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळतो." सर्वांना ते रास्तच वाटले. कोणी आग्रह केला नाही.

निघण्याच्या दिवशी पहाटे ठरलेली गाडी आलीच नाही. चालकाच्या वडिलांना रात्रीच रुग्णालयात न्यावे लागले होते. दिवाळीच्या गर्दीत दुसरी गाडी मिळेना. शोधाशोधीत दोन दिवस गेले आणि हाती एकच दिवस उरला. तेव्हा सूनबाईंनी सुचविले, "मामंजी, तासाभराच्या वाटेवर कुंभोजचे बाहुबली आहे. तिथे तुम्हांलाही येता येईल." दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याची कळशी घेऊन मंडळी निघाली. सूर्यास्तापूर्वी घरी परतून भोजन करावयाचे, एवढेच काय ते वेळापत्रक.

कुंभोजच्या आश्रमातील २८ फुटांच्या शुभ्र संगमरवरी मूर्तीचे दर्शन डोंगर न चढताही होते. मुले पायऱ्या चढून वरच्या मंदिरांकडे गेली. आण्णा खालीच सावलीत बसले आणि त्यांना एकटे कसे सोडावे म्हणून त्यांचे चिरंजीवही शेजारी बसले. दुकान नाही, गिऱ्हाईक नाही, कोठे पोहोचण्याची घाई नाही. बऱ्याच वेळाने आण्णा आपणहून बोलू लागले. १९६३ साली या मूर्तीची प्रतिष्ठापना झाली, तेव्हा ते वडिलांबरोबर बैलगाडीने येथे आले होते. त्याच वर्षी भागीदाराने हात वर केल्याने दुकान बुडाले होते. भागीदारीच्या वाट्याने देणे निम्मेच अंगावर येत होते. तरी पूर्ण देणे फेडायचे, असे वडिलांनी परतीच्या वाटेवर ठरविले. ते फेडण्यास अकरा वर्षे लागली. आज पेठेत त्या घराचा शब्द चालतो, त्याचे मूळ त्या बैलगाडीत होते.

पन्नाशी उलटलेले चिरंजीव स्तब्ध झाले. "आण्णा, हे आम्हांला कधी सांगितलं नाहीत?"

"तू बसलास कधी?" आण्णा शांतपणे म्हणाले.

त्या उत्तरात तक्रार नव्हती. म्हणूनच ते अधिक लागते. पितापुत्र तीस वर्षे एकाच गादीवर बसत आले होते. पण ते बसणे व्यवहारासाठी होते. एकमेकांसाठी ते प्रथमच बसले, तेही ठरलेला बेत मोडला म्हणून.

प्रवासाचे नियोजन करू नये, असे यातून सुचवावयाचे नाही. दूरची तीर्थे अवश्य पाहावीत. मुलांना तो वारसा मिळालाच पाहिजे. परंतु बेत आखताना आपण अंतर, खर्च आणि मुक्काम मोजतो. घरात सर्वांत हळू कोण चालते, हे मोजावयाचे राहून जाते. आणि "मी घर सांभाळतो" हे शब्द आपण सोयीस्करपणे संमती म्हणून स्वीकारतो. पुष्कळदा तो केवळ समजूतदारपणा असतो.

वाचकहो, येत्या वर्षाच्या सुट्या ठरविताना एक दिवस असा ठेवावा की, ज्याची गती घरातील ज्येष्ठांच्या पावलाने ठरेल. जवळचेच मंदिर, नदीचा घाट किंवा शेतातील झाडाची सावली पुरेशी आहे. श्रवणबेळगोळची मूर्ती सहस्र वर्षे उभी आहे. ती पुढील वर्षीही दर्शन देईल. घरातील वडीलधाऱ्यांविषयी असा भरवसा कोणी द्यावा?