मनोविकारतज्ज्ञाचा तास कोणाच्या वाट्याला?

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली आणि त्याच दिवशी दूरवैद्यकासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वेही प्रसृत झाली. रुग्णास समोर न बसविता सल्ला द्यावा की नाही, आणि दिल्यास कायद्याच्या दृष्टीने त्याचे स्थान काय, ह्याविषयी तोवर वैद्यकवर्गात मोठी अनिश्चितता होती. दूरध्वनीवरून औषध सांगितल्यानंतर रुग्ण दगावल्याचे एक प्रकरण २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे आले होते आणि त्याची धास्ती अनेकांच्या मनात होती. साथीने हा प्रश्न निकडीचा केला, आणि वर्षानुवर्षे रेंगाळलेला निर्णय झाला. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ व समुपदेशक ह्यांनी ही मुभा तत्परतेने उचलली ह्यात नवल नाही. त्यांच्या शाखेचे मुख्य उपकरण संभाषण हे आहे, आणि संभाषण तारेवरूनही जाते.

साथ ओसरली तरी ही पद्धत मात्र टिकली. पुण्यातला विद्यार्थी वसतिगृहाच्या गच्चीवरून समुपदेशकाशी बोलतो. अमेरिकेत गेलेली मराठी तरुणी आपल्या भाषेत दुःख सांगता यावे म्हणून मुंबईच्या मानसशास्त्रज्ञाची वेळ घेते. मनोविकाराच्या दवाखान्याची पायरी चढताना ओळखीचे कोणी पाहील काय, ही भीती ज्या समाजात आजही आहे, तेथे घरबसल्या मिळणाऱ्या सल्ल्याचे मोल कमी लेखता येणार नाही. प्रवासाचा खर्च, बुडालेली मजुरी आणि सोबत येणाऱ्या नातेवाइकाचा मोडलेला दिवस, हे सारे वाचते. भामरागडच्या रुग्णाने नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय गाठावयाचे म्हणजे तीनशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास. पडद्यावरची अर्ध्या तासाची भेट हा त्याच्या दृष्टीने चमत्कारच ठरावा.

परंतु हा चमत्कार भामरागडच्या रुग्णाच्या वाट्याला येतो काय? ह्या प्रश्नाचे उत्तर तंत्रज्ञानात शोधून सापडणार नाही. ते पुरवठ्याच्या हिशेबात आहे, आणि तो हिशेब उत्साहाच्या भरात मांडला जात नाही.

बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने, म्हणजे निम्हान्सने, २०१५-१६ साली बारा राज्यांत पाहणी केली. (महाराष्ट्र त्या बारांत नव्हता.) प्रौढांपैकी १०.६ टक्के लोक पाहणीच्या वेळी कोणत्या ना कोणत्या मनोविकाराने ग्रस्त आढळले, आणि विकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळत नव्हते. २०२३-२४ च्या आर्थिक पाहणी अहवालाने मानसिक आरोग्याची स्वतंत्र दखल घेतली. त्यात दर लाख लोकसंख्येमागे मनोविकारतज्ज्ञांचे प्रमाण ०.७५ इतके दिले असून अपेक्षित प्रमाण तीन आहे. ०.७५ हा आकडा वाचताना तितकासा बोचत नाही. म्हणून त्याचा गुणाकार करून पाहावा. १४० कोटींच्या देशात साधारण साडेदहा हजार तज्ज्ञ. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सुमारे ९७ कोटी नोंदलेले मतदार होते. प्रौढांची संख्या ढोबळ मानाने तीच धरली, तर रुग्ण दहा कोटींच्या घरात जातात. म्हणजे एका तज्ज्ञामागे नऊ-दहा हजार रुग्ण. प्रत्येकाला वर्षातून केवळ दोनदा, अर्धा-अर्धा तास द्यावयाचा म्हटले तरी वर्षाला नऊ-दहा हजार तास हवेत. दिवसाला आठ तास आणि वर्षाला तीनशे दिवस राबणाऱ्या डॉक्टरापाशी तास असतात दोन हजार चारशे.

ऑनलाइन सल्ल्याने हे दोन हजार चारशे तास वाढत नाहीत. जाण्यायेण्याचा वेळ वाचून थोडीफार भर पडत असेल, इतकेच. मात्र दुसरी एक गोष्ट निश्चित घडते. पूर्वी सोलापूरच्या तज्ज्ञाचा तास सोलापूर आणि आसपासच्या तालुक्यांतच खपत असे, कारण रुग्ण तेथूनच येऊ शकत. तेथील ऐपतीचा लगाम त्याच्या फीला आपोआप लागलेला असे. आता त्याच तासासाठी मुंबई, बंगळूर आणि दुबईचे गिऱ्हाईकही बोली लावू शकते. मार्गदर्शक तत्त्वांनी नोंदणीकृत डॉक्टरास देशात कोठूनही कोठल्याही रुग्णास सल्ला देण्याची मोकळीक दिलेली आहे. ती योग्यच आहे. पण वस्तू दुर्मीळ असता बाजार विस्तारला की ती कोणाकडे वाहते, हे अकरावीच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकातही सापडेल. शहरात एका सत्राला हजार-दीड हजार रुपये सर्रास आकारले जातात. उपचार सत्रांच्या मालिकेचा असेल, तर महिन्याचा खर्च कारकुनाच्या पगाराला खिंडार पाडणारा होतो. शेतमजुराचा तर प्रश्नच नको. ह्यात कोणा डॉक्टराच्या लोभाचा दोष काढण्याचे कारण नाही. किमतीच्या संकेताला अनुसरणारा माणूस असाच वागतो, आणि नेमके म्हणूनच हा विषय केवळ किमतीच्या हवाली करता येत नाही.

विम्याने ही दरी भरून निघेल, अशी आशा २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने निर्माण केली. मनोविकारांच्या उपचाराला शारीरिक आजारांच्या बरोबरीने विमा मिळावा, असे त्याच्या एकविसाव्या कलमात आहे. परंतु आपल्याकडील आरोग्यविमा मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी रचलेला आहे. खाट न अडविता, आठवड्याला एक तास बोलून बरा होणारा रुग्ण त्या रचनेत बहुधा बसत नाही.

घराघरांतली स्थितीही पाहावयास हवी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, कधी तरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण ३३ टक्के आणि पुरुषांचे ५७ टक्के आढळले. स्वतः वापरावयाचा भ्रमणध्वनी जिच्याकडे आहे अशी स्त्री दोघींत जेमतेम एक. त्यानंतर ही संख्या वाढली असणार. पण प्रश्न यंत्रापाशी संपत नाही. दोन खोल्यांच्या घरात सासू स्वयंपाकघरात, मुले अभ्यासाला, नवरा बाहेरच्या खोलीत, अशा वेळी जिच्या दुःखाचे कारणच त्या घरात आहे, तिने कोणत्या कोपऱ्यात बसून बोलावे? दवाखान्यात निदान दार बंद होते. डॉक्टर सोबतच्या माणसाला 'जरा बाहेर थांबा' असे सांगू शकतो. पडद्याच्या चौकटीबाहेर कोण उभे आहे, हे त्याला दिसत नाही. रुग्णाची चाल, हाताचा कंप, तोंडाला येणारा दारूचा वास, हे निदानाचे जुने साथीदारही त्या चौकटीत शिरत नाहीत. जाणकार तज्ज्ञ ही मर्यादा ओळखून असतो आणि गरज पडताच प्रत्यक्ष बोलावतो. पण बोलावल्यावर जाता येईल इतक्या अंतरावर कोणी तरी असावा लागतो.

अधिकाराचाही प्रश्न आहे. २०२० ची तत्त्वे नोंदणीकृत डॉक्टरांना लागू आहेत. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. ह्या दोहोंबाहेर 'समुपदेशक' म्हणविणाऱ्यांचे जे मोठे क्षेत्र आहे, त्याला नोंदणीच्या कक्षेत आणण्याची तरतूद २०२१ च्या कायद्याने केली खरी. पण पडद्यावर हसतमुख दिसणाऱ्या व्यक्तीचे शिक्षण दोन वर्षांचे की दोन आठवड्यांचे, हे सामान्य माणसाने कसे ताडावे? गुप्ततेविषयी तर अमेरिकेचा अनुभव पुरेसा बोलका आहे. तेथील बेटरहेल्प ह्या मोठ्या ऑनलाइन कंपनीने ग्राहकांची नाजूक माहिती जाहिरातीसाठी इतर कंपन्यांना पुरविल्याचा ठपका तेथील व्यापार आयोगाने ठेवला, आणि २०२३ मध्ये ७८ लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटले.

ह्याचा अर्थ, दूरसल्ला नको असा नव्हे. तो कोणी वापरावा आणि कोणासाठी, हा खरा मुद्दा आहे, आणि त्याची उत्तरे साथीच्या पुष्कळ आधी ह्याच देशात काढून झालेली आहेत. चेन्नईच्या स्किझोफ्रेनिया रिसर्च फाउंडेशनने २०१० च्या सुमारास तामिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात एक बस फिरविली. बसमध्ये पडदा होता, पडद्यावर चेन्नईचा तज्ज्ञ होता. आणि त्याच बसमध्ये औषधांचे कपाटही होते. सल्ला संपताच गोळ्या हातात पडत. रुग्णाला घरून आणणारा, गोळ्या घेतो की नाही हे पुढे पाहणारा स्थानिक कार्यकर्ताही त्या योजनेचा भाग होता. चिठ्ठीवरचे औषध तालुक्याच्या दुकानात मिळत नाही, ही ग्रामीण मनोरुग्णाची नेहमीची रड ज्याने ऐकली आहे, त्याला त्या कपाटाची किंमत कळेल.

दुसरे उदाहरण महाराष्ट्रातले, आणि त्यात तर पडदाही नव्हता. गोव्याच्या 'संगथ' ह्या संस्थेने सर्वसामान्य शिक्षणाच्या माणसांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून नैराश्यग्रस्तांचे समुपदेशन करवून घेण्याची पद्धत सिद्ध केली होती. विदर्भात, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी होरपळलेल्या अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत, हाच मार्ग अवलंबिला गेला. उपचार शोधणाऱ्या नैराश्यग्रस्तांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात नमूद आहे. तज्ज्ञाचा तास येथे रुग्णागणिक खर्ची पडला नाही. तो कार्यकर्त्यांना शिकविण्यात, त्यांच्या अडचणी सोडविण्यात आणि बिकट रुग्ण तपासण्यात गेला, आणि म्हणून एका तासाचे अनेक तास झाले. वरच्या हिशेबातली तूट भरून काढण्याचा ह्याहून स्वस्त उपाय अद्याप कोणी दाखविलेला नाही.

ऑनलाइन सल्ल्याची जोड नेमकी येथे हवी. ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी ह्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांतील तज्ज्ञाने आठवड्यातील ठरावीक तास तालुक्याच्या कार्यकर्त्यांसाठी पडद्यावर बसावे, तर त्याला तेथे प्रत्यक्ष धाडण्याचा खर्चही नाही. १९९६ पासून चालू असलेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा सांगाडा तयार आहे. केंद्राने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली 'टेलिमानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलते. साधा भ्रमणध्वनी तिला पुरतो, ही तिची मोठीच जमेची बाजू होय. मात्र फोनवर धीर मिळालेला माणूस दुसऱ्या दिवशी जाईल ते प्राथमिक आरोग्य केंद्र त्या फोनशी जोडलेले हवे. तेथे गोळ्या हव्यात, त्याचे नाव टिपून घेणारी परिचारिका हवी.

आणि एक खोली हवी. दार आतून बंद होणारी, पडदा व जोडणी असलेली, जिच्यात एखादी बाई आपल्या घरातल्या कोणालाही ऐकू न जाता अर्धा तास बोलू शकेल. आरोग्य केंद्राच्या इमारतीत अशी एक खोली राखण्याला नवा कायदा लागत नाही. लागणारा पैसा जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात शोधूनही दिसणार नाही इतका थोडा आहे. पुढच्या अंदाजपत्रकी सभेत निदान एखाद्या सदस्याने तो मागून पाहावा.