अदमासानं घाला, पण लिहून ठेवा

मैत्रिणींनो, घरातल्या जुन्या पदार्थांच्या कृती लिहून पाठवा, असं या पानावर म्हटलं की उत्तरं साधारण एकाच चालीची येतात. 'आमच्या सासूबाई शेंगोळे फार सुरेख करतात, पण त्यात लिहिण्यासारखं काय आहे?' उमरग्याच्या एका भगिनीनं तर सरळ विचारलं, 'त्यापेक्षा पनीर टिक्क्याची कृती पाठवू का?' पाठवा हो, तीही पाठवा. पण पनीर टिक्का दहा पुस्तकांत सापडेल. तुमच्या सासूबाईंचे शेंगोळे कुठे सापडणार?

आपल्याकडे लेखन म्हणजे काहीतरी मोठं, मांडवातलं, हारतुऱ्यांचं, अशी समजूत आहे. 2020 च्या जानेवारीत आपल्या गावात त्र्याण्णवावं साहित्य संमेलन भरलं, तेव्हा तुमच्यापैकी पुष्कळजणी जाऊन आल्या असाल. तिथं बसणारे ते लेखक आणि घरी भाकरी थापणाऱ्या आपण, असंच मनात आलं असेल ना? पण बाई, दळता दळता ओव्या रचणाऱ्या कोण होत्या? हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्यांची संख्या लाखाच्या वर गेली. उतरवून घेणारं कुणी भेटलं म्हणून त्या राहिल्या. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, आणि ज्या उतरल्या नाहीत त्या गेल्या त्या गेल्याच.

स्वयंपाकाचंही तेच आहे. 1970 साली कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' निघालं. बाईंचं शाळेतलं शिक्षण जेमतेम चौथीपर्यंतचं. पण त्यांनी वाटी-चमच्याचं माप धरून लिहिलं आणि नव्यानं संसार मांडणाऱ्या मुलींना हायसं वाटलं. नाहीतर आईला विचारावं तर आई म्हणणार, 'अदमासानं घाल.' आता अदमास म्हणजे किती, हे ज्या मुलीला कळतं तिला विचारायची गरजच काय!

छापील पुस्तकांत मराठवाड्याच्या वाट्याला मात्र थोडीच पानं आली, असं मला नेहमी वाटतं. आणि मराठवाड्यात तरी सगळ्यांची चूल कुठं एक होती? आपल्याच जिल्ह्यातल्या शाहू पाटोळे यांनी 2015 साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' नावाचं पुस्तक लिहिलं. मांग आणि महार समाजाच्या घरांत काय शिजायचं, कशात शिजायचं, ते त्यांनी कृतींसकट मांडलं. मांस वाळवून केलेल्या चान्या त्यात आहेत, आणि जातीनं कुणाच्या ताटात काय वाढलं, हेही आहे. आपण पानावर बसताना अन्नाला पूर्णब्रह्म म्हणतो. पण पानात काही पडेल की नाही याचीच जिथं खात्री नव्हती, तिथं ते पूर्ण कसं म्हणायचं? मला तरी त्या नावाचा अर्थ असा लागला. 2024 मध्ये भूषण कोरगावकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवादही आला. आपल्यापैकी काहीजणींना ते वाचताना अवघडल्यासारखं होईल. होऊ द्या. पन्नास पावलांवरच्या घरात काय शिजतं हे आपण कधी विचारलं नाही, ते आता पुस्तकातून कळतं आहे.

तेव्हा 'लिहिण्यासारखं काय आहे' हे वाक्य आता पुरे. कामाचं बोलू.

शेंगोळ्यांचंच घ्या. सासूबाई करायला बसल्या की जवळ वाटी घेऊन बसा. 'आत्याबाई, जरा थांबा, ते पीठ आधी ह्या वाटीत टाका,' म्हणा. त्या म्हणतील, 'आगं, मापून का सैपाक व्हतो?' म्हणू द्या. मूठ परातीत पडायच्या आत वाटीत पडली की काम झालं. चौघांच्या बेतानं साधारण असं निघतं: हुलग्याचं पीठ दोन वाट्या, ज्वारीचं अर्धी वाटी, कणीक पाव वाटी. लसणाच्या दहा-बारा पाकळ्या, चार-पाच हिरव्या मिरच्या आणि चमचाभर जिरं एकत्र ठेचायचं. अर्धं ठेचलेलं पिठात, अर्धं फोडणीत. पिठात मीठ, हळद, थोडा ओवा घालून घट्ट भिजवायचं, आणि करंगळीएवढी वळी करून टोकं जुळवायची. फोडणीत सहा वाट्या पाणी ओतून चांगलं खळखळू द्यायचं, मग एकेक शेंगोळं सोडायचं. पहिली पाच मिनिटं डाव घालायचा नाही, नाहीतर पिठलं होतं. पुढं मंद आंचेवर वीस-पंचवीस मिनिटं.

इतकं कुणीही लिहील. पण शेंगोळे वळून झाल्यावर परातीला आणि हाताला चिकटलेलं पीठ थोड्या पाण्यानं धुऊन, ते पाणी रश्श्यात सोडतात. दाटपणा त्यानंच येतो. ही गोष्ट सासूबाई सांगणार नाहीत, कारण ती सांगण्यासारखी आहे असं त्यांना वाटतच नाही. ती तुम्ही बघायची आणि लिहायची. हुलगा उष्ण, म्हणून शेंगोळे पावसाळ्या-थंडीत करायचे, भाजी महाग झाली की करायचे, हेही कृतीतच लिहा.

येसराच्या आमटीलाही हाच नियम. येसरात कोणती धान्यं, किती भाजायची, लग्नघरी कोण येसर करायला बसायचं, सगळं येऊ द्या.

आणखी एक मागते. तुमच्या घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल, तर 1972 च्या दुष्काळाबद्दल विचारा. रेशनवरच्या लाल मिलोच्या भाकरी कशा थापल्या, दुष्काळी कामावरची सुकडी घरी कुणाकुणात वाटली, ते विचारा. कदाचित आधी म्हणतील, 'कशाला त्या आठवणी?' घाई करू नका. शेंगा फोडताना किंवा भाजी निवडताना विषय काढा. हात कामात असले की बायका बोलतात. वही मात्र हाताशी असू द्या. फोनवर आवाज भरून घेता येत असेल तर आणखीच बरं, लिहिणं मग सवडीनं होईल.

मार्गशीर्षातली वेळ अमावस्या आली की डोक्यावर पाटी घेऊन शेतात जाणं, कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा, आणि मग ती भज्जी, आंबील, उंडे! भज्जीत कुणी ताक घालतं, कुणी चिंच. भाज्या किती, त्यावरून जावाजावांत वादही होतात. त्या अंकासाठी तुमच्याच घरची भज्जी हवी. कागदाच्या एकाच बाजूला लिहा. माप वाटीनं द्या, पाणी किती ते विसरू नका (पाणी नेहमी राहून जातं), गावाचं नाव लिहा. आणि कृती सासूबाईंची किंवा आईची असेल, तर आधी त्यांचं नाव घाला, खाली तुमचं.