चावी घेण्याआधी

“पेढा घ्या ताई, आणि ही तुमच्या घराची चावी. इथे फक्त एक सही.”

२०२३ च्या दिवाळीआधीची गोष्ट. आमची जुनी तीन मजली इमारत पाडून त्या जागी चौदा मजल्यांची नवी उभी राहिली होती. आम्ही चोवीस कुटुंबं चार वर्षं शहरभर विखुरलेली, कुणी भाड्याच्या खोलीत, कुणी लेकीकडे, कुणी भावाकडे ऐकून घेत. बिल्डरनं खाली मांडव घातला होता, सनई लावली होती. ज्या कागदावर सही करायची त्यावर लिहिलं होतं, ‘फर्निचरच्या कामासाठी ताबा मिळाला.’ राहण्यासाठी नव्हे, फर्निचरसाठी! मी विचारलं, “ओसी आली का?” बिल्डरचा माणूस हसला. “फाइल महापालिकेत आहे मॅडम, आज-उद्या होईलच.” एका प्रश्नात माझी ताईची मॅडम झाली.

मी चावी घेतली नाही. मी सोसायटीची सेक्रेटरी होते. बाई सेक्रेटरी झाली ती काही क्रांती म्हणून नव्हे, पुरुषांपैकी कुणाला वेळ नव्हता म्हणून. माझ्याबरोबर आणखी आठ घरांनी चावी नाकारली. पंधरा घरांनी घेतली. त्या पंधरांवर टीका करायला मी हा लेख लिहीत नाही, हे आधीच सांगते. त्यातल्या एकीचा डब्यांचा धंदा होता. नवऱ्यापासून वेगळी राहणारी, दोन मुलं. भाड्याच्या घराची मालकीण तिला तळणीचा वास येतो म्हणून रोज बोलायची. स्वतःचा ओटा दिसत असताना तिनं कागदाची वाट बघावी असं तिला कुठल्या तोंडानं सांगणार?

ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे बांधली आहे आणि आता त्यात माणसांनी राहायला हरकत नाही, असं महापालिकेनं लिहून देणं. त्यासाठी आर्किटेक्टनं काम पूर्ण झाल्याचा दाखला आणि प्रत्यक्ष बांधकामाचे नकाशे द्यायचे, इमारत भक्कम असल्याचं स्ट्रक्चरल इंजिनियरनं लिहून द्यायचं, अग्निशमन दलाची अंतिम ना-हरकत, लिफ्टचा परवाना, ड्रेनेज आणि पाण्याच्या जोडणीची कागदपत्रं जोडायची. मग इंजिनियर येऊन पाहणी करतो आणि वरच्या साहेबाची सही होते. ऐकायला रुक्ष वाटतं. पण या प्रत्येक कागदामागे एक साधा प्रश्न आहे. आग लागली तर बंब आत येईल का? लिफ्ट कोसळणार नाही ना? मैला कुठे जाणार? पिण्याचं पाणी कुठून येणार? घरात चोवीस तास जी असते तिचे हे प्रश्न आहेत. ते तिच्या वतीनं विचारायची सवय मात्र आपल्याकडे कुणालाच नाही.

कायदा याबाबत जुनाच आहे. महाराष्ट्रात १९६३ साली फ्लॅटधारकांसाठी मोफा कायदा आला. बिल्डरनं पूर्णत्वाच्या दाखल्याशिवाय ताबा देऊ नये आणि कुणी घेऊही नये, हे त्यात लिहिलं गेलं. ते मोडलं तर बिल्डरला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. २०१६ च्या रेरा कायद्यानं ओसी मिळवून ती घरं घेणाऱ्यांना देण्याची जबाबदारी बिल्डरवर टाकली. इतकं असूनही ‘फर्निचरसाठी ताबा’ ही पळवाट राजरोस चालते. कारण त्या सहीबरोबर बिल्डरचं मोठं काम होतं. करारानुसार तो आम्हाला दरमहा भाडं देत होता. ताबा दिला की भाडं बंद. चावी घेणाऱ्यांचं भाडं त्याच महिन्यात थांबलं. आमचंही थांबलं. “आम्ही ताबा देऊ केला, तुम्ही घेतला नाही,” असं पत्र आलं. म्हणजे सनई, पेढा, मांडव हे सगळं चोवीस घरभाडी वाचवण्यासाठी होतं.

दोन महिने आम्ही बिल्डरच्या ऑफिसात खेपा घातल्या. उत्तर एकच, फाइल महापालिकेत आहे. शेवटी आम्ही सात जणी महापालिकेच्या बांधकाम विभागात गेलो. (त्या मजल्यावर बायकांच्या संडासाला कुलूप होतं आणि चावी शिपायाकडे. मुंबईत २०११ पासून बायकांनी ‘राइट टू पी’ म्हणत सार्वजनिक मुताऱ्यांसाठी चळवळ केली, तिची आठवण झाली. अर्ज करायला आलेली बाई तासन्‌तास थांबेल, हे कुणाच्या नकाशात नसतंच.) टेबलावरचे साहेब म्हणाले, “तुमच्या घरातल्या कुणाला तरी पाठवा, टेक्निकल आहे.” आमच्यातली एक जण बँकेतून निवृत्त झालेली. ती म्हणाली, “आम्ही घरातलेच आहोत.” आम्ही माहितीच्या अधिकाराखाली अर्ज टाकला, दहा रुपयांचं तिकीट लावून, आणि फाइल बघायला मागितली.

फाइल बघितली तेव्हा कळलं की ओसीचा अर्जच झालेला नव्हता.

‘आज-उद्या’ येणारा कागद कुणी मागितलाच नव्हता. कारण अग्निशमन दलाची अंतिम ना-हरकत मिळत नव्हती. इमारतीच्या बाजूला बंब वळण्यासाठी मोकळी सोडायची जागा नकाशात होती. प्रत्यक्षात तिथे बिल्डरनं वरच्या मजल्यांच्या नव्या गिऱ्हाइकांसाठी गाड्या ठेवायचे सांगाडे उभे केले होते. शिवाय महापालिकेला द्यायच्या रकमेचे हप्ते थकलेले. आम्ही सातही जणी त्या नकाशावर वाकून बोट फिरवत होतो. स्वयंपाकघर किती बाय किती याच्यापलीकडे आमच्यापैकी कुणी कधी इमारतीचा नकाशा बघितला नव्हता. तासाभरात समजला. त्यात ‘टेक्निकल’ असं फारसं काही नव्हतं.

इकडे आत राहायला गेलेल्या पंधरा घरांची दैना चालू होती. वीज बांधकामाच्या मीटरवरची. नळाला महापालिकेचं पाणी नाही, एक दिवसाआड टँकर. टँकरची वेळ दुपारची, म्हणजे घरात कोण असणार? बायकाच. लिफ्टला परवाना नाही म्हणून ती कधी चालू, कधी बंद. सहा महिन्यांची गरोदर मुलगी पाणी भरलेली बादली घेऊन जिने चढलेली मी पाहिली आहे. तिच्या घराची किंमत कागदावर सव्वा कोटी होती. पाण्यासाठी रांगा लावणाऱ्या वस्तीतल्या बायकांचे मोर्चे आपण काढले, त्यांच्या हंड्यांवर गाणी रचली. ते योग्यच होतं. पण चौदा मजली इमारतीतली बाई टँकरच्या पाइपाखाली बादली धरते, तेव्हा तिला वाटतं हे आपलं नशीब, आणि आपल्याला वाटतं हा मध्यमवर्गाचा प्रश्न.

ओसी नसलेल्या इमारतीला महापालिका नंतर पाणी देते, पण जादा दरानं. समृद्धी सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२२ मध्ये निकाल दिला. तिथल्या लोकांनी १९९७ मध्ये ताबा घेतला होता. ओसी नाही म्हणून ते वर्षानुवर्षं २५ टक्के जादा मालमत्ता कर आणि ५० टक्के जादा पाणीपट्टी भरत होते. ओसी न मिळवणं ही बिल्डरच्या सेवेतली त्रुटी आहे आणि तो दोष रोज चालू राहणारा आहे, म्हणून दाद मागायची मुदत संपली असं म्हणता येणार नाही, हे न्यायालयानं मान्य केलं. चांगला निकाल आहे, प्रत्येक संघटनेच्या कपाटात असावा असा. पण ती पंचवीस वर्षं मोजा. तेवढ्यात एक मुलगी जन्मून, शिकून, लग्न होऊन जाते.

चूक बिल्डरची आणि दंड राहणाऱ्यांना, ही उफराटी रीत इथलीच नाही. वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडच्या इमारती १९८१ ते १९८९ मध्ये बांधल्या गेल्या, परवानगीपेक्षा कितीतरी जास्त मजल्यांच्या. २०१३ मध्ये महापालिकेची माणसं दाराशी आली तेव्हा फाटकाशी राहणाऱ्या बायका उभ्या होत्या. २०१४ च्या जूनमध्ये त्या घरांचं पाणी, गॅस, वीज तोडली. आणि ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शिळफाट्याला बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसं गेली. वरचे मजले बांधून होत होते आणि खाली कुटुंबं राहायला आणली होती. स्वस्तात छप्पर मिळालं म्हणून आलेली गरीब माणसं. त्यांना कुणी ओसीबद्दल विचारायला सांगितलं असतं का, आणि त्यांनी विचारून काय झालं असतं?

इथेच माझी अडचण आहे. ‘चावी घेऊ नका’ हे सांगणं सोपं आहे, पण थांबायचा खर्च कुणी द्यायचा हे कायदा सांगत नाही. आम्हा नऊ घरांमध्ये एक काकू होत्या, ऐंशी ओलांडलेल्या, जुन्या इमारतीत लग्न होऊन आलेल्या. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या भाड्याच्या खोलीत राहत होत्या. मुलगा चावी घ्यायला तयार होता. काकूंनी मला बोलावून विचारलं, “काय करू गं?” मी म्हटलं, “थांबा काकू, कागद आल्याशिवाय नको.” त्या थांबल्या. २०२४ च्या जुलैमध्ये त्या त्याच खोलीत गेल्या. जिन्यावरून त्यांना खाली आणताना चार माणसांना तीनदा थांबावं लागलं. ओसी सप्टेंबरमध्ये आली. त्यांच्या सुनेला मी प्रत द्यायला गेले, तेव्हा ती म्हणाली, “ताई, कागद बरोबर होता तुमचा.” तिच्या आवाजात राग नव्हता. मला तो असता तर बरं वाटलं असतं.

कागद मिळाला कसा, तेही सांगते. सोसायटीकडे बिल्डरची बँक गॅरंटी होती. ती वठवण्याची नोटीस दिली. अग्निशमन दलाला लेखी कळवलं की बंबाची जागा अडवली आहे. दर सोमवारी दोघी-दोघी बांधकाम विभागात जाऊन बसलो. मार्चमध्ये सांगाडे निघाले, मेमध्ये ना-हरकत आली, हप्ते भरायला जुलै उजाडला. बँक गॅरंटीची अट करारात राहिली ती एका वकील मैत्रिणीनं हट्ट धरला म्हणून. नाहीतर आमच्या हातात काहीच नव्हतं. पुनर्विकासातले जुने सभासद ग्राहक की जागेचे मालक, या वादात महारेराचं दारही आम्हाला सहज उघडेल असं नव्हतं.

आपल्या चळवळीलाही एक प्रश्न विचारायचा आहे. घर बाईच्या नावावर हवं, ही मागणी आपण वर्षानुवर्षं लावून धरली आणि तिचा थोडा उपयोगही झाला. २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत बाईचं नाव लागतं. एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात बाईनं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. म्हणून पुष्कळ नवरे आता घर बायकोच्या नावावर घेतात. नाव तिचं, सही तिची, आणि फाइल त्याच्या कपाटात. उद्या भांडण झालं, ती वेगळी झाली, घर विकून आपला हिस्सा घ्यावा म्हणाली, तर गिऱ्हाईक पहिला कागद मागतं तो ओसीचा. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मेरठच्या एका प्रकरणात बँकांनाही सांगितलं की असा दाखला तपासल्याशिवाय इमारतीवर कर्ज देऊ नका. योग्यच आहे. पण आधीच आत अडकलेल्या बाईचं घर त्यामुळे आणखीच न विकण्याजोगं होतं. हिंसा सोसणाऱ्या बाईला आपण समुपदेशनात विचारतो, घर कुणाच्या नावावर आहे. ओसी आहे का, हे मी तरी कधी विचारलं नव्हतं.

माझ्या मते दोन-तीन गोष्टी मागायलाच हव्यात. ओसी हातात येईपर्यंत भाडं चालू राहील, ताबा देऊ केला तरी, हे प्रत्येक पुनर्विकास करारात सक्तीचं असावं. जादा पाणीपट्टी महापालिकेनं राहणाऱ्यांकडून न घेता बिल्डरच्या अनामत रकमेतून घ्यावी. त्यानं पाणी तोडू नये, दंड मात्र त्याच्याच खिशातून जावा. आणि ओसीचा अर्ज झाला की नाही, कुठला कागद अडला आहे, हे इमारतीच्या दारावर मराठीत लावलेलं असावं, म्हणजे दहा रुपयांचं तिकीट आणि सात जणींची रजा लागणार नाही. डबेवाली मैत्रीण म्हणते, “यात एक वाढवा, तोवर बाईनं खायचं काय ते.” ती माझ्याशी तीन महिने बोलत नव्हती. आता बोलते.

आमच्या मागच्या गल्लीतल्या सोसायटीत पुढच्या महिन्यात चाव्या वाटणार आहेत. तिथल्या चार जणींनी बोलावलं आहे. मी आमच्या फाइलची प्रत, समृद्धीचा निकाल आणि माहिती अधिकाराचे कोरे अर्ज घेऊन जाणार आहे. त्या इमारतीतही एक म्हाताऱ्या मावशी आहेत असं कळलं आहे. त्यांनी विचारलं तर काय सांगायचं, ते अजून ठरलेलं नाही.