उसना नायक, स्वतःचं शहर

साल १९५१. लंडनमध्ये थेम्सच्या दक्षिण काठावर कालयंत्रातून दोघं उतरतात. एक डॉक्टर, दुसरी त्याची तरुण सोबतीण एस. एस पश्चिम लंडनच्या पेरिव्हेल भागातली, म्हणजे हे तिचंच शहर, फक्त तिच्या जन्माआधीचं. डॉक्टरच्या हिशेबाने इथे ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ भरलेला असायला हवा. उत्सव भरलेला आहेही; पण तो आहे ब्रिटनमधल्या जर्मन राजवटीला दहा वर्षं झाल्याचा. या लंडनमध्ये दुसरं महायुद्ध हिटलरने जिंकलेलं आहे.

टेरन्स डिक्स यांची ‘टाइमवर्म: एक्झोडस’ ही कादंबरी इथून सुरू होते. ती ऑगस्ट १९९१ मध्ये आली. ‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या मालिकेवर बेतलेल्या, मालिकेचेच नायक घेऊन पण नवी गोष्ट सांगणाऱ्या कादंबऱ्यांपैकी ही एक. मालिका किंवा सिनेमाच्या लोकप्रियतेला जोडून येणाऱ्या अशा पुस्तकांना इंग्रजीत टाय-इन म्हणतात आणि समीक्षक त्यांच्याकडे सहसा फिरकत नाहीत. नायक दुसऱ्याने घडवलेला, हक्क तिसऱ्याचे, मुखपृष्ठावर मालिकेचा शिक्का. त्यात लेखकाचं असं काय असणार, हा त्यामागचा समज. मला तो समज चुकीचा वाटतो. पर्यायी इतिहासातलं शहर उभं करायचं असेल तर उसना नायक ही अडचण नसते, उलट मोठी सोय असते. ‘एक्झोडस’ हा त्याचा चांगला पुरावा आहे.

आधी या पुस्तकांचा जन्म कसा झाला ते पाहू. ‘डॉक्टर हू’ २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली आणि डिसेंबर १९८९ मध्ये तिचा गाशा गुंडाळला गेला. पडद्यावर डॉक्टर उरला नाही, पण वाचक उरले होते. १९९१ पासून व्हर्जिन या प्रकाशनसंस्थेने नव्या कादंबऱ्यांची माळ सुरू केली आणि नवख्या लेखकांची हस्तलिखितंही वाचायला घेतली. पुढच्या सहा वर्षांत साठच्या आसपास कादंबऱ्या आल्या. त्यांत पॉल कॉर्नेल होते, मार्क गॅटिस होते, रसेल टी. डेव्हिस होते. २००५ मध्ये मालिका पुन्हा उभी राहिली ती याच डेव्हिस यांच्या हाताने, आणि कॉर्नेल यांच्या १९९५ च्या ‘ह्यूमन नेचर’ या कादंबरीवर २००७ मध्ये मालिकेचे भाग झाले. ज्या पुस्तकांना मालिकेचं उपउत्पादन म्हणून बाजूला ठेवलं, त्यांनीच मालिका नसण्याच्या काळात ती जिवंत ठेवली आणि तिचे पुढचे लेखक तयार केले.

आता उसन्या नायकाचा मुद्दा. अशा कादंबरीच्या लेखकाला भाडेकरूचे नियम पाळावे लागतात: घरात राहा, पण भिंत पाडू नका. डॉक्टरला मारता येत नाही, त्याचं लग्न लावता येत नाही, त्याचा स्वभावही मुळापासून बदलता येत नाही. पण त्यामुळे एक मोठं काम वाचतं. नायक कोण, कुठला, कसा बोलतो, संकटात कसा वागतो, हे सगळं वाचक घरून शिकून आलेला असतो. लेखकाची पानं मोकळी राहतात ती जागेसाठी. नायक ठाम आणि ओळखीचा असल्यामुळे त्याच्या भोवतालचं शहर वाटेल तेवढं बिघडवता येतं. ओळखीच्या माणसाच्या नजरेतून अनोळखी शहर पाहिलं की त्यातला प्रत्येक फरक ठळक दिसतो.

डिक्स यांनी १९५१ चं लंडन उगाच निवडलेलं नाही. त्यांचा जन्म १९३५ चा, ईस्ट हॅमचा. लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा ते शाळकरी वयाचे होते आणि फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन भरला तेव्हा सोळा वर्षांचे. तो उत्सव म्हणजे युद्धाने पिचलेल्या देशाने स्वतःला दिलेला धीर होता. साखर, मांस, चहा अजून रेशनवर होतं. अशा दिवसांत थेम्सकाठी शास्त्र आणि कला यांचं भव्य प्रदर्शन मांडलं गेलं. ३६५ फूट व्यासाचा ‘डोम ऑफ डिस्कव्हरी’ उभा राहिला. जवळजवळ ३०० फूट उंचीचा, तारांवर तोललेला ‘स्कायलॉन’ जणू अधांतरी उभा होता. मे ते सप्टेंबर या पाच महिन्यांत नुसत्या या दक्षिण काठावरच्या प्रदर्शनाला सुमारे ८५ लाख लोकांनी भेट दिली. पुढे चर्चिल यांचं सरकार आलं आणि बहुतेक सगळं उतरवलं गेलं; रॉयल फेस्टिव्हल हॉल तेवढा कायमचा राहिला. जिंकलेल्या लोकांनी आपल्या विजयानंतरचं पहिलं मोकळं हसू जिथे हसलं, नेमकी तीच जागा डिक्स यांनी पराभवाची म्हणून घेतली. ज्या ब्रिटिश वाचकाच्या आईवडिलांनी तो उत्सव पाहिला होता, त्याला हा घाव किती खोल लागला असेल याची कल्पना करता येते.

या शहरातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट जर्मन फौज ही नाही. गणवेश घातलेले इंग्रज ही आहे. नव्या राजवटीच्या सेवेत शिरलेल्या स्थानिकांचं ‘फ्रायकोर’ नावाचं दल रस्त्यांवर दांडगाई करत असतं. त्यातला लेफ्टनंट हेमिंग्ज नावाचा अधिकारी अस्सल इंग्रज आहे आणि मालकांपेक्षा जास्त निष्ठावान आहे. दुसऱ्या बाजूला डॉक्टर पकडला जातो तेव्हा सुटतो कसा? बंदूक चालवून नव्हे. आपण राइशचे कुणी बडे अधिकारी आहोत अशा थाटात तो समोरच्यांवर डाफरतो आणि ते ताठ उभे राहतात. जिथे वरच्याला प्रश्न विचारणं हाच गुन्हा असतो, तिथे वरच्याचा आव आणणाऱ्याला कागदपत्रं मागायला कुणी धजावत नाही. हुकूमशाही बाहेरून पोलादी दिसते, पण आतून भित्र्या माणसांनी भरलेली असते, हे डिक्स एका प्रसंगात दाखवतात. राज्यशास्त्राच्या पुस्तकात याला पाच पानं लागली असती.

हे सगळं कल्पनेतलं म्हणून सोडून देता येत नाही. ब्रिटिश युद्धकैद्यांमधून भरती केलेली ‘ब्रिटिश फ्री कोअर’ नावाची एसएसची तुकडी खरोखर होती, जरी ती काही डझन माणसांच्या वर कधी गेली नाही. इंग्लिश खाडीतली चॅनल बेटं १९४० ते १९४५ अशी पाच वर्षं जर्मनांच्या ताब्यात होती. तिथे ब्रिटिश पोलीस आपल्याच गणवेशात नव्या धन्याचे हुकूम अमलात आणत होते. गर्न्सी बेटावर ज्यूंची नोंदणी झाली ती स्थानिक प्रशासनाच्या हातून, आणि १९४२ मध्ये तिथून नेलेल्या तीन ज्यू स्त्रिया आउशवित्झहून परतल्या नाहीत. लंडन पडलं असतं तर तिथल्या कचेऱ्यांत काय घडलं असतं, याचा नमुना इतिहासाने ब्रिटिशांच्या दारात ठेवलेला आहे. डिक्स यांनी तो नमुना राजधानीच्या मापाचा केला, एवढंच.

जर्मनव्याप्त ब्रिटनवर याआधीही लिहिलं गेलं होतं. लेन डायटन यांची ‘एसएस-जीबी’ १९७८ ची. हरलेल्या लंडनमध्ये खुनाचा तपास करणारा पोलीस अधिकारी तिचा नायक. जर्मनी जिंकल्यानंतरचं १९६४ चं बर्लिन रंगवणारी रॉबर्ट हॅरिस यांची ‘फादरलँड’ १९९२ ची, म्हणजे ‘एक्झोडस’नंतरची. दोन्ही कादंबऱ्या साहित्य म्हणून गांभीर्याने वाचल्या गेल्या आणि तो मान त्यांच्या हक्काचा आहे. पण त्यांच्यातल्या माणसांना हे ठाऊक नसतं की जग वेगळं असू शकलं असतं. त्यांच्यासाठी हेच एकमेव जग. कालप्रवाशाला मात्र दुसरं जग ठाऊक असतं. तो त्या शहरात उभा राहून म्हणू शकतो, की हे असं व्हायचं नव्हतं. आणि असं म्हटलं की दुसरा, अधिक कठीण प्रश्न पुढे येतो: मग दुरुस्त कोण करणार, आणि दुरुस्तीची किंमत कुणी मोजायची?

‘एक्झोडस’ इथे धीट होते. लंडनमधून डॉक्टर मागे जातो, १९२३ च्या म्युनिकमध्ये, जिथे हिटलरचा उठाव फसला. पराभूत हिटलरशी त्याची गाठ पडते. सोळा वर्षांनी, १९३९ च्या जर्मनीत, तो त्याच चेहऱ्याने, त्याच वयात पुन्हा समोर येतो आणि हिटलरचा त्याच्यावर विश्वास बसतो. डॉक्टरला त्या माणसाच्या जवळ राहावं लागतं, कारण इतिहास जसा घडला तसाच घडवायचा आहे. याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. खरा इतिहास वाचवायचा म्हणजे त्यातला खरा संहारही घडू द्यायचा. हिटलरचा गळा धरण्याइतकं जवळ उभं राहून हात आवरायचा. नायकाला इतक्या अवघड जागी उभं करणारी मुलांची म्हणून ओळखली जाणारी पुस्तकं फार नाहीत.

कादंबरीचा शेवट डंकर्कपाशी येतो, आणि हे वळणही इतिहासातून उचललेलं आहे. २४ मे १९४० ला जर्मन रणगाड्यांना थांबण्याचा हुकूम मिळाला. घेरलेल्या सैन्याचा निकाल आपलं विमानदल लावेल, अशी ग्वाही गोअरिंगने दिली होती. दोन दिवसांनी हुकूम फिरला, पण तेवढ्या अवधीत बचावाची फळी उभी राहिली आणि ४ जूनपर्यंत ३,३८,२२६ सैनिक समुद्रमार्गे सुटले. इतिहासकार आजही या हुकमाच्या कारणांवर भांडतात. एका शहराचं नशीब अशा दोन दिवसांवर टांगलेलं असू शकतं, हे डिक्स यांनी अचूक हेरलं.

या कादंबरीत एक खरी उणीव आहे आणि तिच्याकडे डोळेझाक करणं बरोबर नाही. ती हिटलरच्या प्रभावामागे परग्रहावरच्या शक्ती दाखवते, आणि तसं दाखवलं की जर्मन समाजाचं उत्तरदायित्व पातळ होतं. ज्यांनी मतं दिली, ज्यांनी गाड्या हाकल्या, ज्यांनी शेजाऱ्यांची नावं कळवली, त्यांना निसटायला वाट मिळते. हा आक्षेप मला मान्य आहे. पण हीच कादंबरी लंडनच्या भागात त्या आक्षेपाला उत्तरही देते. हेमिंग्ज हेमिंग्ज झाला तो कुठल्या परग्रहवासीयामुळे नाही. सत्ता बदलली, संधी दिसली आणि तो तिकडे गेला. कादंबरीतलं हे सर्वांत खरं पात्र आहे आणि म्हणूनच सर्वांत भीतिदायक.

मराठी वाचकाला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. जयंत नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतले इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अशाच दुसऱ्या मुंबईत पोचतात. व्हिक्टोरिया टर्मिनसबाहेर पडताच त्यांना ईस्ट इंडिया कंपनीचं मुख्यालय दिसतं, कारण त्या जगात कंपनी बुडालेलीच नाही. एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात बसून ते कारण शोधतात आणि ते एका गोळीपाशी सापडतं. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर ती गोळी विश्वासरावांना लागली नाही, निसटती गेली. तिथे दोन दिवस थांबलेले रणगाडे, इथे चुकलेली गोळी. फरक एवढाच की डॉक्टर ते जग मोडायला जातो, तर गंगाधरपंत ते समजून घ्यायला. नारळीकरांचा नायक इतिहासकार असल्यामुळे त्याचं हत्यार पुस्तक आहे, आणि मला त्यांची ही निवड फार मोलाची वाटते.

पण ती एक कथा आहे, आणि तिच्यामागे रांग उभी राहिली नाही. आपल्याकडे ओळखीच्या नायकांची वाण नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तीन पिढ्यांना घरचा आहे. हक्कधारकांची संमती घेऊन एखाद्या प्रकाशकाने तो सात-आठ नव्या लेखकांच्या हाती का देऊ नये? १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलंच नाही, असं पुणे फास्टर फेणेला बघू द्यावं: नदीकाठचे वाडे शाबूत, पेठा तशाच, आणि त्या टिकलेल्या शहरातले हेवेदावे वेगळे. नियम एकच ठेवावा, की नायक बदलायचा नाही, शहर बदलायचं. नव्या लेखकाला शहर बारकाईने अभ्यासायला लावणारी याहून चांगली शाळा मला दिसत नाही. व्हर्जिनच्या त्या सहा वर्षांनी हे सिद्ध करून दाखवलेलं आहे.

समीक्षकांकडून अपेक्षा याहून साधी आहे. पुस्तक कुठल्या मालिकेचं आहे हे बघून ते खाली ठेवू नये. त्यातलं शहर कसं उभं केलं आहे, ते विचारावं. तिथे कोण मुकाट राहिलं, कोणी याद्या केल्या, कोणी नवा गणवेश चढवला, हे लेखकाने दाखवलं का, ते तपासावं. या कसोटीला ‘एक्झोडस’ उतरते, आणि तिच्या लेखकाचं नाव डायटन आणि हॅरिस यांच्याच ओळीत घेतलं पाहिजे.