शेजारी उभा आहे तो कोण?

पुण्यातल्या खडकीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत एक माळी होता. फॅक्टरीच्या मैदानाची देखभाल हे त्याचं काम. नाव नागलिंगम पिल्ले. घरात पोरं बरीच आणि पगार बेताचा, त्यामुळे नवी हॉकी स्टिक आणणं परवडणारं नव्हतं. पोरं मोडक्या स्टिक दोरीने आवळून बांधायची आणि मोठ्यांनी टाकून दिलेल्या चेंडूंनी खेळायची. त्यांतला एक, १६ जुलै १९६८ रोजी जन्मलेला धनराज, पुढे भारताकडून ३३९ सामने खेळला. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स ट्रॉफी आणि चार आशियाई क्रीडास्पर्धा असा चौकडा जमवणारा तो एकमेव हॉकीपटू.

एरवी प्रसिद्ध माणूस चाहत्याला भेटतो तो विमानतळावर, हॉटेलच्या दारात, फार तर लग्नाच्या मांडवात. आधी तो मोठा होतो आणि मग भेटतो. खडकीत हा क्रम उलटा लागला. तिथे धनराज पिल्ले आधी भेटला आणि मोठा नंतर झाला. धुळीच्या मैदानावर त्याला अडवताना ज्यांचे गुडघे सोलवटले, त्या पोरांना आपण कुणाच्या मागे धावतोय याचा पत्ताही नसणार. त्या वेळी कुणी त्याची सही घेतली नाही. मागितली असती तर तो हसला असता, किंवा त्याचा पुढचा स्वभाव पाहता चिडलाही असता.

स्वतः धनराजही कुणाचा तरी चाहता होताच. वाराणसीचा हॉकीपटू मोहम्मद शाहिद हे त्याचं दैवत. शाहिदचं चेंडू खेळवत प्रतिस्पर्ध्यांना चकवत जाणं पाहायचं आणि खडकीत तसंच करून बघायचं, हा त्याचा अभ्यासक्रम. चाहतेपणाचा हा सगळ्यांत जुना प्रकार म्हणता येईल. सही नको, फोटो नको, फक्त चाल उचलायची. गल्लीगल्लीत गावसकरांसारखा डावा पाय पुढे टाकणारी पोरं एकेकाळी होतीच की. आवडत्या खेळाडूची प्रत्यक्ष भेट अशांना बहुधा घडत नाही, पण त्याचा खेळ मात्र त्यांच्या अंगात मुरलेला असतो.

आजच्या चाहत्याचं नेमकं काय बिघडलंय, हे सांगायला पुण्यातलाच एक जुना प्रसंग उपयोगी पडतो.

२९ फेब्रुवारी १९९६. नेहरू स्टेडियमवर विश्वचषकाचा सामना, वेस्ट इंडीज विरुद्ध केनिया. केनियाने १६६ धावा केल्या तेव्हा निकाल ठरल्यासारखाच होता. पण ब्रायन लारा ८ धावांवर यष्टिरक्षक तारिक इक्बालच्या हातात झेल देऊन परतला, आणि वेस्ट इंडीजचा डाव ९३ धावांत आटोपला. केनियाचा कर्णधार मॉरिस ओडुंबे १५ धावांत ३ बळी घेऊन सामनावीर ठरला. त्याने पुढे सांगितलेला किस्सा असा, की त्याआधी एकदा तो लाराकडे सही मागायला गेला होता आणि लाराने ती दिली नव्हती. पुण्यात सामना संपल्यावर तो लाराजवळ गेला आणि म्हणाला, तेव्हा तू सही दिली नाहीस, आता मी माझी तुला देतो. या गोष्टीला थोडी फोडणी बसली असेलही. जिंकणाऱ्याच्या आठवणी नेहमीच जरा खमंग असतात. (हाच ओडुंबे २००४ मध्ये सट्टेबाजांशी संबंधांमुळे पाच वर्षांसाठी बाद झाला, हेही सांगायला हवं. दैवतांच्या बाबतीत सावधपणा बरा.) पण त्या दिवशी सही मागणारा आणि नाकारणारा एकाच खेळपट्टीवर समोरासमोर होते. मागणाऱ्याला खेळ कळत होता, म्हणूनच नकार त्याच्या इतका जिव्हारी लागला.

दुसरा किस्सा चेन्नईचा, आणि तो जास्त गोड आहे. सचिन तेंडुलकर कसोटी सामन्यासाठी ताज कोरोमंडल हॉटेलात उतरला होता. कॉफी घेऊन आलेल्या माणसाने विचारलं, तुमच्याशी क्रिकेटबद्दल थोडं बोललं तर चालेल का? सचिन हो म्हणाला. त्यावर तो माणूस म्हणाला, तुम्ही कोपरावर संरक्षक पट्टा बांधता तेव्हा तुमच्या बॅटची फिरत बदलते. हे सचिनला स्वतःला जाणवत होतं, पण दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मग त्याने तो पट्टा नव्याने बनवून घेतला. डिसेंबर २०१९ मध्ये सचिनने हा प्रसंग जाहीरपणे सांगितला आणि त्या माणसाला शोधून द्यायची विनंती केली. तो सापडला. गंमत म्हणजे सचिनच्या आठवणीत तो वेटर होता, आणि तो स्वतः सांगत होता की आपण तेव्हा हॉटेलच्या सुरक्षेच्या कामावर होतो. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत. कोपराच्या पट्ट्याबाबत मात्र दोघांचं एकमत होतं.

हजारो लोकांनी सचिनला गाठलं असेल, पण सचिनने ज्याला शोधायला लावलं असा हा एकच. कारण त्याने काही मागायच्या आधी काहीतरी पाहिलं होतं. टीव्हीसमोर बसून, पुन्हा पुन्हा.

आता फोनने चाहता होणं नको इतकं सोपं केलंय. सेल्फी काढायला खेळ कळावा लागत नाही, चेहरा माहीत असला की भागतं. एक हात वर जातो, सगळे पडद्याकडे पाहतात, म्हणजे ज्याला भेटायचं त्याच्याकडे पाठ करूनच फोटो निघतो. पूर्वीच्या सहीच्या वहीचं कौतुक करायचं कारण नाही, तीही बऱ्याचदा फक्त गोळा करायचीच हौस होती. पण सही होईपर्यंत निदान पेन चालेना म्हणून, नावाचं स्पेलिंग विचारण्यापुरतं का होईना, दोन शब्द बोलावे लागत. सेल्फीत तेही उरलं नाही. आणि चेहऱ्याची ही भूक गर्दीत मिसळली की काय होतं ते ४ जून २०२५ रोजी बंगळुरूत दिसलं. आयपीएल जिंकलेल्या संघाला पाहायला चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर लोटलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन ११ जणांचा जीव गेला. दोष नियोजनाचा होता, चाहत्यांचा नव्हे. तरीही डोळे भरून एकदा बघण्यासाठी माणसं कुठवर जातात, हे त्या दिवसाने दाखवून दिलं.

चेहऱ्यावर चालणाऱ्या या चाहतेपणाचा दुसरा तोटा खडकीत जास्त टोचतो. ज्यांचा चेहरा टीव्हीवर नाही, ते शेजारी उभे असले तरी दिसत नाहीत.

खडकी म्हणजे बॉम्बे सॅपर्स. बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचं केंद्र इथे आहे, आणि मुळा ओलांडली की दापोडीला लष्कराच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचं आवार; तिथेच सैन्याचे वल्हवणारे सराव करतात. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही हे दुष्काळी गाव. तिथला दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खोदायच्या कामाला जायचा. सैन्यात भरती होऊन तो खडकीला आला, आणि ज्याच्या गावात पाण्याची वानवा, तो इथे नाव वल्हवायला शिकला. पाण्यासाठी जमीन खोदणारा माणूस काही वर्षांत पाण्यावरूनच ऑलिंपिकला पोचला. २०१६ मध्ये रिओला भारताकडून गेलेला तो एकटाच वल्हवपटू. एकेरी स्पर्धेत तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत त्याने सुवर्ण जिंकलं. या सगळ्या वर्षांत खडकी बाजारातून चालत जाताना तो किती जणांच्या शेजारून गेला असेल? आणि त्यांतल्या कितीजणांनी मान वळवून पाहिलं असेल? उत्तर द्यायला आकडेवारी लागत नाही.

मुरलीकांत पेटकरांची गोष्ट तर याहून बोलकी. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा हा जवान सैन्यात बॉक्सर होता. १९६५ च्या युद्धात त्याच्या अंगात गोळ्या शिरल्या, कमरेखालचा भाग निकामी झाला आणि एक गोळी पाठीच्या कण्यात राहिली. उपचार म्हणून पोहायला सुरुवात केलेल्या या माणसाने १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पार केली. विश्वविक्रम झाला आणि भारताला पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण मिळालं. त्या काळात अपंग खेळाडूंसाठी पैसा उभा करणाऱ्यांत क्रिकेटपटू विजय मर्चंट होते. जानेवारी १९६० मध्ये ब्रेबॉर्नवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध अर्धशतक काढलेल्या अब्बास अली बेगचा मैदानात धावत येऊन एका तरुणीने मुका घेतला, तेव्हा रेडिओवर समालोचन करणाऱ्या मर्चंट यांनी आपल्या वेळी या मुली कुठे होत्या असा गमतीचा सूर लावला होता, असं सांगतात. तेच मर्चंट पुढे ज्यांच्याकडे धावत जाणारं कुणी नव्हतं अशा खेळाडूंच्या मदतीला उभे राहिले. या माणसाचा हा भाग त्याच्या धावांइतका सांगितला जात नाही.

पेटकर पदक घेऊन आले आणि पुण्यात राहिले. पद्मश्री २०१८ मध्ये मिळाली, म्हणजे ४६ वर्षांनी. इतकी वर्षं ते रिक्षात बसले असतील, बँकेच्या रांगेत थांबले असतील, कुणाला तरी ‘जरा सरका’ म्हणाले असतील. २०२४ मध्ये त्यांच्या आयुष्यावर ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट आला आणि मग लोकांना पेटकरांचा चेहरा कळला, तोही कार्तिक आर्यनच्या चेहऱ्यामुळे. खडकीतच युद्धात मणक्याला इजा झालेल्या जवानांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. अशा चाकांच्या खुर्चीतल्या माणसाकडे बघताना आपल्या डोळ्यांत आधी कीव येते. तो खेळाडू असू शकतो हे सहज मनात येत नाही, आणि पेटकरांच्या ४६ वर्षांचं मूळ थोडंफार या नजरेतही आहे.

यावर कुणी म्हणेल, प्रत्येक खेळाडूचं तोंड लक्षात कसं ठेवायचं? शंका रास्त आहे. खेळाडूलाही निवांतपणा हवा असतो, बायकोबरोबर भाजी घेताना त्याला अडवणं हा काही सन्मान नव्हे. पण चेहरे पाठ करा असं कुणी म्हणत नाहीये. मागणी त्याहून साधी आहे. आपल्या आसपासच्या मैदानावर कोणता खेळ चालतो, इतपत माहिती असावी. हॉकीच्या सामन्याला गावातली माणसं दोन तास उभी राहत असतील, तर त्या गावात धनराज एकटा उगवत नाही. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या संघात धनराजबरोबर पुण्याचाच विक्रम पिल्लेही होता. त्या स्पर्धेतल्या शेवटच्या सामन्यात धनराजला मैदानावर जेमतेम दोन मिनिटं मिळाली. पंधरा वर्षांची कारकीर्द तिथे अशी आखूड होऊन संपली. ज्याला हॉकी कळते तो चाहता त्याला भेटल्यावर ‘एक फोटो’ म्हणणार नाही, अथेन्सची ती दोन मिनिटं काढेल. धनराजला ते आवडेल की तो तडकेल, हे सांगता येत नाही. निदान बोलणं तरी होईल.

वर्तमानपत्रांनीही आपल्या पदरात थोडा दोष घ्यावा. क्रिकेटपटूच्या केशरचनेला पाव पान आणि राष्ट्रीय वल्हवण्याच्या स्पर्धेला चार ओळी, त्याही छायाचित्राशिवाय, हा हिशेब वाचकाने मांडलेला नाही. जो चेहरा कधी छापलाच नाही, तो रस्त्यावर ओळखायची अपेक्षा कुणाकडून करणार?

अशाच एका चेहऱ्याची ही गोष्ट. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुण मिळवून स्वप्नील कुसाळेने कांस्य जिंकलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीतल्या कांस्यानंतर ७२ वर्षांनी मराठी खेळाडूला मिळालेलं हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा पोरगा २०१५ पासून मध्य रेल्वेच्या पुणे विभागात तिकीट तपासनीस होता. त्याचा आदर्श असलेला महेंद्रसिंग धोनीही एकेकाळी खरगपूरला तिकीट तपासनीस होता. पदकानंतर रेल्वेने स्वप्नीलला बढती दिली. त्याआधी नऊ वर्षं त्याच्या पदाच्या नावात ‘तिकीट’ हाच शब्द होता.

त्यामुळे खडकी स्टेशनवर लोणावळा लोकलची वाट पाहताना बाकावर बारीक केस कापलेला, खांद्यावर किटबॅग टाकलेला एखादा पोरगा दिसला, तर फोन खिशातच राहू द्यावा. कुठला खेळ, असं विचारावं. कबड्डी म्हणेल, कुस्ती म्हणेल, वल्हवणं म्हणेल. मग रेड कितीची मारतोस, वजनगट कुठला, नाव एकट्याची की चौघांची, असा पुढचा प्रश्न सुचला तर तोही विचारावा. लोकल तशीही उशिराच येते.