'यूए'चा शिक्का पुरेसा नाही

नावात कल्की, पडद्यावर अश्वत्थामा, शिवाय नायक प्रभास. जून २०२४ मध्ये 'कल्की २८९८ एडी' लागला, तेव्हा घरादाराने मिळून पाहावा असा हा पौराणिक चित्रपट आहे, असं कुणालाही वाटलं असतं. भिवंडीतल्या पद्मानगरसारख्या तेलुगूभाषक वस्तीत तर तो घरच्या भाषेतला सिनेमा.

प्रत्यक्षात त्याची गोष्ट बरीच काळोखी आहे. 'कॉम्प्लेक्स' नावाच्या बंदिस्त नगरीतल्या प्रयोगशाळेत स्त्रियांवर गर्भधारणा लादली जाते आणि यास्किन या सत्ताधीशासाठी त्यांच्या गर्भातून द्रव काढला जातो. चित्रपटाला प्रमाणपत्र होतं 'यूए'. तेव्हाच्या पद्धतीत त्याचा अर्थ एवढाच, की बारा वर्षांखालच्या मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा. त्याच वर्षी आलेल्या नव्या नियमांनी 'यूए'चे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग केले. सुधारणा स्वागतार्ह आहे. तरीही हे आकडे सल्ल्यापुरतेच आहेत. १८ वर्षांखालच्यांना दारातच अडवायचं बंधन चित्रपटगृहावर आहे ते फक्त 'ए' चित्रपटांसाठी.

शिवाय ही प्रमाणपत्रं देणाऱ्या सेन्सॉर मंडळाची काळजी आणि आईबापांची काळजी एकच असते असं नाही. २०२५ च्या 'सुपरमॅन'मधलं ३३ सेकंदांचं चुंबनदृश्य मंडळाने कापायला लावलं. खलनायक ल्यूथर सुपरमॅनच्या डोळ्यांदेखत एका निरपराध माणसाला गोळी घालतो, तो प्रसंग मात्र राहिला. तेरा वर्षांच्या मुलाच्या मनात यातलं काय जास्त काळ घर करून राहील, हे त्याच्या आईला विचारावं.

म्हणून सरसकट बंदी घालावी, असं मुळीच नाही. 'कल्की'तल्या काशीत पाण्याचे हाल आहेत आणि सगळी समृद्धी वर 'कॉम्प्लेक्स'मध्ये कोंडलेली आहे. पाणी कुणाचं, बाईच्या शरीरावर हक्क कुणाचा, हे प्रश्न पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींशी बोलायलाच हवेत. त्या वयाच्या मुलांना हा चित्रपट मोठ्यांसोबत जरूर दाखवावा. मात्र 'ताई चालली म्हणून' नऊ वर्षांच्या धाकट्यालाही सोबत नेऊ नये.

अडचण आहे ती 'पालकांच्या मार्गदर्शना'ची. यंत्रमागावर बारा तासांची पाळी करून आलेल्या बापाकडे, घर आणि शिलाई दोन्ही सांभाळणाऱ्या आईकडे तीन तासांचा सिनेमा आधी पाहून ठेवायला वेळ कुठला? तोवर तोच सिनेमा मुलाच्या हातातल्या मोबाइलवर येऊन पोचलेला असतो, आणि तिथे दारावर कुणी उभं नसतं.

या पालकांना दोष देऊन भागणार नाही, त्यांना मदत हवी. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार १३+ आणि त्यावरच्या मजकुरासाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय देणं ओटीटी कंपन्यांवर बंधनकारक आहे. सोय आहे, पण ती वापरायची कशी हे कुणीतरी शिकवायला हवं. भिवंडीतल्या मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू अशा सगळ्याच माध्यमांच्या शाळांनी पुढच्या पालकसभेत गुणपत्रिका वाटून झाल्यावर दहा मिनिटं काढावीत आणि हे कुलूप पालकांच्याच मोबाइलवर त्यांच्याकडून लावून घ्यावं.