ताराबाईंना बक्षीस कोणी लावले होते?

जयंती जवळ आली की बुलडाणा, चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर इथल्या मंडळांच्या पत्रिका निघू लागतात. वक्तृत्व स्पर्धा, निबंध स्पर्धा, गीतगायन स्पर्धा. पहिले बक्षीस इतके, दुसरे इतके, सोबत ढाल. कार्यकर्त्यांच्या हेतूबद्दल आम्हाला शंका नाही. आपली मुले बोलती व्हावीत, लिहिती व्हावीत हीच त्यांची तळमळ असते. पण बक्षीस लावल्याने मुले खरोखर लिहिती होतात काय, हा प्रश्न चळवळीने स्वतःला विचारला पाहिजे.

बुलडाण्याच्या ताराबाई शिंदे आठवा. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत कारकून आणि सत्यशोधक समाजाचे सभासद. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला 1881 साली बालहत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली, पुढे ती जन्मठेपेवर आली. या निमित्ताने वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीची निंदा सुरू झाली. ताराबाईंना ती सहन झाली नाही. 1882 साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापले गेले. प्रती 500, किंमत 9 आणे. त्यांना कोणी विषय दिला नव्हता, शब्दमर्यादा घातली नव्हती, बक्षीस तर कोणीच लावले नव्हते. मनातला संतापच लेखणीतून उतरला.

त्या काळी बक्षिसे नव्हती असे मात्र नाही. पेशवाईतल्या ब्राह्मणांच्या दक्षिणेचा काही पैसा इंग्रजांनी मराठी ग्रंथांच्या बक्षिसांकडे वळवला आणि त्यासाठी दक्षिणा प्राइझ कमिटी नेमली. जोतीराव फुल्यांनी 1855 साली आपले ‘तृतीय रत्न’ हे नाटक या कमिटीकडे दिले. कमिटीतल्या भट सभासदांपुढे ते टिकणार कसे? नाटक नाकारले गेले आणि छापून यायला शंभराहून अधिक वर्षे लागली. पण जोतीरावांनी कमिटीला रुचेल असे दुसरे नाटक लिहून दिले नाही. त्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ लिहिली! बक्षीस देणाऱ्याला स्वतःची एक आवड असते. ती ओळखून लिहिणे म्हणजे अर्धी लेखणी त्याच्या हवाली करणे.

हे आता शास्त्रानेही तपासले आहे. 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकेतील तीन मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या, आवडीने चित्रे काढणाऱ्या मुलांवर प्रयोग केला. काहींना आधीच सांगितले की चित्र काढाल तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता शेवटी दिले, काहींना दिलेच नाही. एक-दोन आठवड्यांनी स्केचपेन पुन्हा समोर ठेवले, तेव्हा बोली लावलेल्या मुलांचा चित्रे काढण्यातला वेळ इतरांच्या जवळपास निम्मा भरला. न सांगता प्रशस्तिपत्र मिळालेल्यांची गोडी मात्र कमी झाली नव्हती. म्हणजे दोष कौतुकाचा नाही, आधी लावलेल्या बोलीचा आहे.

आपल्या स्पर्धांत काय होते? गुरुजींनी लिहून दिलेले भाषण मुलगी पाठ करते आणि परीक्षकाकडे पाहत म्हणते. गावातल्या स्मशानभूमीचा वाद, वसतिगृहातले जेवण, न आलेली शिष्यवृत्ती यांवर ती बोलत नाही, कारण त्याला गुण मिळतील याची खात्री नसते. ढाल घरी जाते, वही मात्र कोरीच राहते. शासकीय पुरस्कारांच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या आपल्या थोर साहित्यिकांबद्दल वेगळे काय सांगावे?

इथे एक सावधगिरी हवी. ‘मोबदला मागू नका, आवडीने काम करा’ हे आम्हाला शिकवायला प्रस्थापित टपलेलेच आहेत. वतनाच्या नावाखाली पिढ्यानपिढ्या गावकीची वेठ याच भाषेत करून घेतली गेली. मजुरी हा हक्क आहे, शिष्यवृत्ती हा हक्क आहे. 1913 साली बडोद्याची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून बाबासाहेब कोलंबियात शिकू शकले. ते बक्षीस नव्हते, शिकण्याचे साधन होते. गरिबाच्या पोराला 501 रुपयांची गरज नाही असे आम्ही म्हणणार नाही. ते वह्या-पुस्तकांसाठी सर्वांना द्या, पहिला-दुसरा न करता द्या.

आणि कौतुक कसे करावे, हे दादा केळुसकरांनी दाखवले आहे. शाळकरी भीमराव परीक्षा पास झाला तेव्हा त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवले. ते मिळावे म्हणून भीमरावाने अभ्यास केला नव्हता. त्या पुस्तकाने पुढे काय घडवले हे वाचकांना सांगायला नको.

ताराबाईंच्या वाट्याला टवाळीच आली. सत्यशोधक चळवळीतल्याच काही सहकाऱ्यांना त्यांचे पुस्तक पचले नाही. जोतीरावांनी 1885 साली ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू जाहीरपणे घेतली, पण असा पाठीराखा एकटाच. ताराबाईंचे दुसरे पुस्तक आढळत नाही. हे पहिलेही विस्मरणात गेले आणि 1975 साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापले. बक्षिसावाचून पुस्तक जन्मले, पण वाचणारे आणि पाठीशी उभे राहणारे नव्हते, ही उणीव कोणत्या ढालीने भरून निघाली असती?

येत्या 14 एप्रिलच्या पत्रिका छापखान्यात जाण्यापूर्वी मंडळांनी एवढे करून पाहावे. विषय मुलांनाच निवडू द्यावा. पत्रिकेवर रकमेचा आकडा नसावा. मुलांनी लिहिलेले विहारात चार वडीलधाऱ्यांनी बसून वाचावे, त्यावर मुलांशी बोलावे आणि ते एकत्र बांधून तिथेच ठेवावे. जाताना प्रत्येकाच्या हाती एक पुस्तक द्यावे. बुलडाणा जिल्ह्यात तरी ते ‘स्त्री-पुरुष तुलना’ असावे.